कपाटाची वरची कडी

भांडण जुनं होतं, आणि ते तिच्या कानावर पडावं असं कुणाच्या मनातही नव्हतं. पण मधली भिंत होती फळ्यांची. फळ्यांच्या भिंतीला कसला आलाय आडपडदा.

ती तेव्हा नऊ वर्षांची. बाप सुतार. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं कामाचं ठिकाण, मागच्या खोलीत सगळा संसार. रंधा मारताना निघालेल्या कुरळ्या ढलप्यांची वेणी घालत ती मागच्या खोलीत बसली होती. बसलीच होती, कारण दुसरं काही करायची सोय नव्हती. दोन वर्षांची असताना ताप आला, तो आठवड्याने गेला आणि जाताना पायांतलं बळ घेऊन गेला. तेव्हापासून पाय होते, दिसत होते, चिमटा काढला तर दुखतही होते. फक्त कामाला म्हणून उठत नव्हते. अंगाने लहानखुरी, म्हणून घरात सगळे तिला चिमी म्हणत.

पुढच्या खोलीत मामा आला होता. मामाला प्रत्येक घरातलं प्रत्येक माणूस कुठे ठेवावं हे ठाऊक असायचं.

"शाळेत घालून काय करणार तिला?" मामा म्हणाला. "तिथे जाऊन बसणारच ना? मग घरीच बसू दे की. उगाच रोज पाठुंगळीला मारून न्यायचं-आणायचं."

"घरी बसणं वेगळं आणि शाळेत बसणं वेगळं," बाप म्हणाला.

"काय वेगळं? सांग ना."

रंधा थांबला. बापाला बोलायचं सुचेना, हे तिला फळीपलीकडूनही कळलं. बोलण्यात तो नेहमीच मार खायचा.

"वेगळं आहे एवढं माहीत आहे," तो शेवटी म्हणाला. "काय ते तिचं ती बघेल."

"वा. म्हणजे तुलाही माहीत नाही," मामा म्हणाला, आणि आवाज चढत चढत इतके चढले की आई मधे पडली आणि मामा चहा न घेता गेला. चहा न घेता मामा जाणं म्हणजे प्रकरण फार पुढे गेलं असं समजायचं.

दुसऱ्या दिवसापासून बापाने लाकडाची एक खुर्ची करायला घेतली. जुन्या सायकलीची दोन चाकं बाजूला, पुढे दोन लहान. तीत बसून चिमी शाळेत गेली, दहावी झाली, आणि त्यानंतर पुन्हा घरीच बसली. वीस वर्षं तिने शिंप्यासाठी काजं केली आणि बटणं लावली. हाताला वेग होता, टाका सरळ होता. पण बटणं घरात यायची आणि घरातून जायची. ती मात्र तिथेच असायची. मामाचा प्रश्न तिच्या डोक्यातून कधी गेला नाही. काय वेगळं?

आईबाप गेले. मोठा भाऊ बापाच्याच धंद्यात होता, वहिनी मायेची होती. खुर्ची बदलली, लोखंडाची हलकी आली. बाकी सगळं तसंच.

ती अडतिसाची असताना शाळेत इंटरनेट आलं. ही तिचीच जुनी शाळा. जिन्याजवळच्या तळमजल्यावरच्या खोलीत अकरा कॉम्प्युटर मांडले, आणि वरून हुकूम आला की नेट चालू असताना खोलीत एक मोठं माणूस हजर पाहिजे. शिक्षकांना तास असायचे. शिपायाला घंटा, पाणी आणि फाटक. मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या खोलीच्या दारात उभं राहून वैतागल्या होत्या, आणि आत भाऊ टेबलांचे पाय सारखे करत होता.

"मला शिकवणारं नको, हुशार नको," मोठ्या बाई म्हणाल्या. "नुसतं बसणारं माणूस हवंय. तेवढंच मिळत नाही."

भावाने पाचर ठोकता ठोकता सांगितलं, "बसण्याच्या कामात माझ्या बहिणीचा हात धरणारं कुणी नाही."

घरी येऊन त्याने हे कौतुकाने सांगितलं. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी केस नीट विंचरून तिने विचारलं, "किती वाजता यायला सांगितलंय?"

पहिल्या दिवशी तिला कामाची माहिती शाळेच्या कारकुनाने दिली. उंच, ताठ माणूस. शिक्का मारल्याशिवाय त्याच्या हातून कागद सुटत नसे, म्हणून सगळी शाळा त्याला शिक्केवाले म्हणायची, तोंडावर भाऊसाहेब.

"हे बघा मावशी," शिक्केवाले म्हणाले. "कशालाही हात लावायचा नाही. बघायचं फक्त. पोरं नको ते उघडत नाहीत ना, एवढंच."

"आणि नको ते म्हणजे काय, ते मला कसं कळणार?"

शिक्केवाल्यांनी कानाची पाळी चोळली. "पोरं एकदम गप्प झाली की समजायचं," ते म्हणाले. या एका बाबतीत त्यांचं म्हणणं पुढे शंभर टक्के खरं निघालं.

मोठ्या बाईंनी शिस्त घालून दिली होती. नेटवर बसण्याआधी मुलाने आपला प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा. प्रश्न नाही तर नेट नाही. एकाला दहा मिनिटं. दारात बसून चिमीने चिठ्ठी वाचायची आणि वहीत नोंद करायची: नाव, प्रश्न, आत किती वाजता, बाहेर किती वाजता. शेवटी एक रकाना तिने आपल्या मनाने वाढवला. मिळालं की नाही मिळालं.

मुलांनी आठवड्याच्या आत तिला गाडीमावशी करून टाकलं. कुणी लिहायचं, "समुद्र खारट का?" कुणी लिहायचं, "हत्ती." ती चिठ्ठी परत करायची. "हत्तीचं काय? हत्ती आहे हे मला माहीत आहे. तुला काय पाहिजे ते लिही." मुलगा भिंतीला टेकून विचार करायचा आणि लिहून आणायचा, "हत्ती झोपताना आडवा होतो का?" मग आत. प्रश्न नीट विचारला की निम्मं काम तिथेच होतं, हे तिला पंधरा दिवसांत कळलं, आणि बटणं लावून आयुष्यात जे कधी झालं नव्हतं ते झालं. संध्याकाळी घरी आली की तिच्याकडे सांगायला काहीतरी असायचं. हत्ती होतो आडवा. वहिनी भांडी घासता घासता ऐकायची आणि म्हणायची, "अगोबाई. मग उठतो कसा?" दुसऱ्या दिवशी तो प्रश्न वहीत जायचा.

सगळं सुरळीत, फक्त एक सोडून. नेट चालत नसे.

म्हणजे कधी चालायचं, कधी नाही. सकाळी पहिल्या तासाला झक्क. नंतर पडद्यावर ते चाक नुसतं गोल गोल फिरत बसायचं. पोरं ओरडायची, "मावशी, चाक फिरतंय."

"माझी चाकं फिरली की मी निदान कुठेतरी पोचते," ती म्हणायची. पोरं हसायची, पण वहीत लिहावं लागायचं: नाही मिळालं.

तक्रार गेली. कंपनीचा माणूस आला. लुकलुकत्या दिव्यांचा एक डबा होता, त्यातून सगळ्या कॉम्प्युटरना हवेतून, बिनतारी नेट यायचं. वस्तू महागाची, म्हणून शिक्केवाल्यांनी तो डबा खोलीतल्याच लोखंडी कपाटात ठेवला होता. हजेरीपुस्तकं, शाळेची ढाल, खडूंचे खोके आणि डबा. मागून भोक पाडून वायर आत घेतली होती. कंपनीच्या माणसासाठी कपाट उघडलं, त्याने डबा पाहिला, कॉम्प्युटर पाहिले, सगळं पळत होतं. "दोष नाही," असं लिहून तो गेला. तो गेल्यावर कपाट लावलं आणि चाक फिरायला लागलं. असं तीनदा झालं. तीन वेगळी माणसं, तीन कागद, तिन्हीवर दोष नाही आणि शाळेचा शिक्का.

त्या कपाटाशी तिचं वेगळंच दुखणं होतं. दार थोडं वाकलेलं, त्यामुळे वरची कडी लावल्याशिवाय ते बंद राहत नसे, आणि वरची कडी ताठ उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला. रोज सकाळी शिक्केवाले कुलूप काढायचे, ती तिची वही बाहेर घ्यायची, दार लोटायची, आणि दार हळूच पुन्हा वीतभर उघडायचं. पहिला तास संपला की शिक्केवाले फेरीला यायचे.

"मावशी, कपाट उघडं," ते म्हणायचे, आणि हात वर करून टक्कन कडी लावायचे. वाईट हेतूने नाही. पण रोज. वर्षभर रोज एखाद्याने आपली उणीव टक्कन लावून दाखवली की माणूस आतून झिजतं. एके दिवशी ती भावाला म्हणाली, "दादा, मला टोकाला आकडा असलेली काठी करून दे. हातभर लांब."

काठी झाली. त्या दिवशी तिने आपली वही काढली, दार लोटलं, काठीने वरची कडी सरकवली. टक्कन. शिक्केवाले फेरीला आले, कपाट बंद पाहून थबकले आणि म्हणाले, "अरे वा." एवढ्यावर तिचा तो महिना गोड गेला असता.

पण त्या महिन्यात नेट साफ बसलं. सकाळचंही. वहीत ओळीने नाही मिळालं, नाही मिळालं. आणि महिन्याच्या शेवटी वरच्या कचेरीतून पत्र आलं. या शाळेत नेटचा वापर जवळपास शून्य आहे. पंधरा दिवसांत सुधारणा न दिसल्यास कॉम्प्युटर दुसऱ्या शाळेला देण्यात येतील आणि खोली बंद करण्यात येईल.

मोठ्या बाईंनी पत्र तिला वाचून दाखवलं आणि चष्मा पुसला. "मावशी, तुमची काही चूक नाही यात," त्या म्हणाल्या.

घरी वहिनी म्हणाली, "खूप केलंत हो ताई. एवढं कुणी केलं नसतं. आता बसा घरी निवांत. मलाही सोबत होईल." तिने हे इतक्या मायेने सांगितलं की चिमीला उलटून काही बोलताही येईना. मामा असता तर भांडता तरी आलं असतं.

रविवारी ती वही मांडीवर घेऊन बसली. निरोप द्यायचा म्हणूनच असेल, पहिल्या पानापासून वाचत निघाली. हत्ती, समुद्र, विजेचा दिवा कुणी केला, माणसाला उचकी का लागते. शिवणाऱ्या बाईची नजर ती; कापड उलटं असो की सुलटं, टाका कुठे चुकला ते तिला आधी दिसायचं. तिला दिसलं की पहिल्या तासाच्या पोरांना नेहमी मिळालं होतं. दुसऱ्या तासापासून नाही. एका आठवड्यात मात्र दिवसभर सगळ्यांना मिळालं होतं. तो आठवडा कुठला? बोटं मोजून तिने आठवलं. शिक्केवाले मुलीच्या लग्नाला रजेवर गेले होते तो. किल्ली शिपायाकडे होती, आणि शिपाई एकदा कपाट उघडलं की संध्याकाळशिवाय फिरकत नव्हता.

मग काठीचा महिना. पहिल्या तासालाही नाही मिळालं.

तिने प्रत्येक पानावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. वहिनीने दोनदा जेवायला हाक मारली.

"वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही आतल्या खोलीत दार लावून बसलात आणि मी अंगणातून हळू आवाजात हाक मारली, तर ऐकू येईल?"

"मोठ्याने मारली तरच येते, आता मी मारतेय तशी," वहिनी म्हणाली. "जेवायला या."

सोमवारी पहिल्या तासाला उचकीवाली मुलगी आली. तिची उचकी थांबली होती, पण उत्तर राहिलं होतं. चिमीने तिला पडद्यासमोर बसवलं. "चाकाकडे बघ आणि मला सांग," ती म्हणाली. काठीने कडी काढली. दार वीतभर उघडलं.

"थांबलं. आलं पान," मुलगी म्हणाली.

काठीने कडी लावली.

"फिरायला लागलं."

पुन्हा काढली. आलं. पुन्हा लावली. गेलं. मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही जादू करताय का?"

"नाही गं. जादू मी महिनाभर केली. आता ती काढतेय."

शिक्केवाले आले तेव्हा तिने त्यांना साध्या शब्दांत सांगितलं, आणि स्वतःच्या काठीचंही सांगितलं, लपवलं नाही. ते म्हणाले, "योगायोग. नेटचा आणि कडीचा काय संबंध? तीन माणसं तपासून गेली." त्यांनी कागद काढून दाखवले.

"ती तपासायला आली तेव्हा कपाट उघडं होतं की बंद?" तिने विचारलं.

शिक्केवाल्यांनी कागद खाली ठेवले. मोठ्या बाईंना बोलावणं गेलं. त्या मुलांच्या स्टुलावर गुडघे हनुवटीला लावून बसल्या आणि पडद्याकडे बघत म्हणाल्या, "भाऊसाहेब, उघडा." त्यांनी उघडलं. "लावा." लावलं. "उघडा. लावा." दारात पोरं जमली होती, अकराव्या खेपेला त्यांनी कोरसात म्हणायला सुरुवात केली, "उघडा. लावा." शिक्केवाल्यांचा हात भरून आला.

"पण महागाची वस्तू उघड्यावर ठेवायची नाही, असं लेखी आहे," ते कपाळ पुसत म्हणाले. माणूस हटवादी, पण खोटा नव्हता.

"मग लोखंडात नको, लाकडात ठेवा," चिमी म्हणाली. "माझा भाऊ लाकडी जाळीची पेटी करून देईल. भिंतीवर बसवा, कुलूप लावा."

दुसऱ्या दिवशी भाऊ पेटी आणि मापाची पट्टी घेऊन आला. भिंतीशी उभा राहून त्याने विचारलं, "उंची किती ठेवायची?"

शिक्केवाल्यांनी सवयीने आपला हात खांद्याच्या वर नेला. मोठ्या बाईंनी मात्र चिमीकडे पाहिलं. "किल्ली कुणाकडे राहणार आहे? त्यांना विचारा."

तिने खुर्ची भिंतीजवळ नेली, हात सहज पुढे केला आणि जिथे तो टेकला तिथे भावाने पेन्सिलीने रेघ मारली. त्या इमारतीत फळे होते, खुंट्या होत्या, नळ होते, खिडक्यांचे खटके होते. तिच्या हाताच्या मापाने मारलेली ती पहिली रेघ. तिने भावाला दोन खिळे आणखी ठोकायला सांगितले, पेटी हलता कामा नये म्हणून.

पंधरा दिवसांनी वरच्या कचेरीतले साहेब तपासणीला आले. त्यांनी वही चाळली, अर्धा तास चाळली, आणि जाताना हत्तीच्या झोपेबद्दल विचारून गेले. खोली राहिली.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत शिक्केवाल्यांना डब्याचं काही बघायचं झालं की कमरेत वाकावं लागायचं. एकदा मामा, आता पार थकलेला, दादाबरोबर शाळा बघायला आला. तेव्हा शिक्केवाले नेमके पेटीपुढे वाकून, हात जोडल्यासारखे, तिच्याकडे किल्ली मागत होते.

"काय करतेस इथे तू?" मामाने विचारलं.

"बसते," ती म्हणाली.

"तेच तर मी म्हणत होतो," मामा म्हणाला, एवढ्या वर्षांनीही. मग थोडा वेळ दाराशी लागलेली पोरांची रांग बघत उभा राहिला. "चहा मिळतो का इथे?" त्याने विचारलं. तिने मागवला. तो प्याला. प्रकरण तिथे मिटलं.

वह्या साठत गेल्या, चोवीस झाल्या. एका वर्षी पाचवीतल्या एका मुलाने चिठ्ठी दिली आणि जमिनीकडे बघत उभा राहिला. चिठ्ठीत होतं, "गाडीमावशीचे पाय का चालत नाहीत?"

तिने प्रश्न वहीत उतरवला. "प्रश्न नीट आहे," ती म्हणाली. "दहा मिनिटं. पण तापाने गेले, दोन वर्षांची असताना, हेही लिही, नाहीतर सापडणार नाही." तो बसला, तीही खुर्ची त्याच्याशेजारी लावून बसली. दोघांनी मिळून वाचलं. औषध त्यात नव्हतं. पण आजाराचं नाव होतं, तो कुठून येतो ते होतं, आणि त्यात आईबापाचा काही दोष नसतो हे होतं. आई मरेपर्यंत म्हणायची, त्या दिवशी ओल्या फरशीवर खेळू दिलं म्हणून झालं. चिमीने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग दारापाशी येऊन वहीत वेळ लिहिली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: मिळालं.

शाळेतून घरी जायच्या वाटेवर, उतार संपतो तिथे, एक चप्पल शिवणारा बसायचा. तिच्या खुर्चीचे चामड्याचे पट्टे तोच करून द्यायचा. तिच्या कामाचं कळल्यापासून त्याने रोज एक प्रश्न द्यायचा नेम धरला होता. लिहायला यायचं नाही, म्हणून तो सांगायचा, ती लिहून घ्यायची. दुसऱ्या दिवशी परतताना उत्तर. तिच्या वहीत सगळ्यात मोठा विद्यार्थी तो होता.

तिचा नोकरीचा शेवटचा दिवस आला. मोठ्या बाई केव्हाच निवृत्त झाल्या होत्या, नवे सर आले होते. छोटं भाषण झालं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिने पेटीची किल्ली नव्या बाईंच्या हातात दिली. त्या धडधाकट, उंच. पेटी वर सरकवायची का, असं त्यांनी विचारलं. "नको," ती म्हणाली. "पाचवीतल्या पोरांचाही हात पोचतो तिथे." मग शेवटची नोंद केली, खिडक्या लावून घेतल्या, आणि रोजच्या वेळेला निघाली.

उतार संपला तिथे तिने चाकं आवळून धरली.

"बगळ्याचं कळलं का, ताई?" चप्पलवाल्याने विचारलं. कालचा प्रश्न होता, बगळा एका पायावर का उभा राहतो.

"थंडीमुळे. एक पाय पिसांत उबेला ठेवतो. आळीपाळीने."

"म्हणजे दुसरा चांगला असून वापरत नाही?"

"नाही. चैन सगळी."

तो टोचा हातात धरून हसला, मग तिचा डावा पट्टा ओढून पाहिला आणि दोन टाके घातले. "आता हे विचारा. चामडं भिजून वाळलं की कडक का होतं? चाळीस वर्षं तेल लावतोय, पण का ते माहीत नाही."

तिने पिशवीतून चिठ्ठी काढली, मांडीवर ठेवून प्रश्न लिहिला. घरी भावाची नात त्याच शाळेत होती, सातवीत. सकाळी तिच्याकडे चिठ्ठी देता येईल. प्रश्न परत एकदा वाचून पाहिला, नीट होता. पुढे आत-बाहेरच्या वेळेला जागा सोडली, शेवटचा रकाना आखला.

"उद्या?" त्याने विचारलं.

"उद्या," ती म्हणाली, चिठ्ठी पिशवीत ठेवली आणि चाकं सोडली.